तोंडातला ब्रश

पाट्या रंगवणाऱ्याला लोक पेंटर म्हणतात. या पेंटरलाही आधी पेंटरच म्हणत. पण त्याची रेघ बघून कोणीतरी त्याला रेघोबा म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की सख्ख्या आईनं ठेवलेलं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं.

रेघ म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरची रेघ. बाकीचे पेंटर आधी खडू लावलेली दोरी मारतात, पट्टी धरतात, चिकटपट्टी डकवतात आणि मग त्या आधारानं रेघ ओढतात. रेघोबाला कुबड्या चालत नसत. तो भिंतीसमोर उभा राही, श्वास रोखी आणि डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढून मोकळा होई. दहा हात लांब रेघ असली तरी तिच्यात मुंगीच्या पायाएवढा बाक सापडायचा नाही. एकदा एका इंजिनियरानं पैजेवर रेघेला लेव्हल लावून पाहिली. बराच वेळ डोळे बारीक करून तो म्हणाला, रेघ बरोबर आहे, तुमची भिंत कलली आहे. त्या दिवशी रेघोबा जेवला नाही. त्याचं पोट तसंच भरलं होतं.

या माणसात दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे तो जे लिही ते वाचत नसे. "अक्षर लिहायचं काम आपलं, वाचायचं काम लोकांचं," असं तो म्हणे. पस्तीस वर्षांत त्यानं गावभर 'थुंकू नका' लिहिलं, 'रांगेत उभे राहा' लिहिलं, 'झाकण उघडे ठेवू नका' लिहिलं. 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी रंगवताना त्याची सायकल त्याच भिंतीला टेकवलेली असे. सगळ्या गावाला शहाणं करून सोडलेला हा माणूस स्वतः कोरडा पाषाण राहिला होता, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

दुसरी खोड ब्रशची. बारीक अक्षराला ब्रशचं टोक सुईसारखं लागतं. रेघोबा ब्रश पाण्यात बुडवी, ओठांत धरी आणि हलकेच ओढून घेई, की झालं टोक. त्याच्या गुरूनं त्याला असंच शिकवलं होतं, आणि गुरूला त्याच्या गुरूनं. या धंद्यात हात कितीही चांगला असला तरी ओठ नसतील तर तो अर्धाच पेंटर, असं त्यांच्यात मानत. त्याची बायको तीस वर्षं एकच वाक्य बोलत आली होती: "अहो, ते तोंडात घालू नका." तिचं हे वाक्यही त्यानं गावातल्या पाट्यांसारखंच ठेवलं होतं. रोज समोर दिसायचं, पण वाचलं कधी जायचं नाही.

तर एका पाळणाघराच्या बाईंनी त्याला बोलावलं. मुलांच्या न्हाणीघरात, बेसिनच्या वर, तीन रंगांत लिहायचं होतं: 'शीला जाऊन आल्यावर हात धुवा. जेवायच्या आधी हात धुवा.' खाली एक साबण काढायचा होता आणि साबणाला हसरे डोळे. रेघोबाला साबण काढायला आवडलं नाही, कारण साबणाच्या डोक्यावर रेघ नसते. तरी त्यानं काम घेतलं.

पाळणाघरात वीसेक पोरं होती आणि वीसच्या वीस नाकं वाहत होती. बाई एका पोराचा लंगोट बदलता बदलता म्हणाल्या, "या आठवड्यात निम्म्यांना ताप येऊन गेला हो. कोणाचं पोट बिघडलंय, कोणाच्या तोंडात फोड आलेत. डॉक्टर म्हणतात, साथ आहे, जाईल आपोआप."

"लहान मुलांचं चालायचंच," रेघोबा म्हणाला. ब्रश धुवायला पाणी हवं होतं म्हणून त्यानं बेसिनवरचा प्लास्टिकचा मग उचलला. तो मग कशाचा, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं तो भरून जमिनीवर ठेवला, आणि पोरंही जमिनीवरच होती. एक दीड वर्षाची ठमाबाई रांगत आली, तिनं मनगटापर्यंत हात मगात घातला, पाणी ढवळलं, रेघोबाकडे बघून हसली आणि निघून गेली. रेघोबाही हसला. मग त्यानं ब्रश त्याच पाण्यात बुडवला, ओठांत धरला आणि 'हात धुवा'मधल्या 'धु'चा उकार काढला. उकार फार सुरेख आला.

पुढं जे दुखणं आलं त्याचा याहून पक्का पुरावा कोणाकडेही नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनीही नंतर सांगितलं, की ते नेमकं कुठून आलं ते शपथेवर कोणी सांगू शकत नाही. पण जे 'हात धुवा' लिहिताना घडलं ते सांगायचं राहू नये.

पाचव्या दिवशी सकाळी रेघोबा एका चष्म्याच्या दुकानाच्या पाटीसाठी शिडीवर चढला. अंग कालपासून कसकसत होतं. डोक्यात कोणीतरी आतून खिळा ठोकतंय असं वाटत होतं. त्यानं श्वास रोखला आणि रेघ ओढायला सुरुवात केली. ऊन समोरच्या काचेवरून उसळून डोळ्यांत घुसलं आणि हाताला झटका बसला. रेघ खाली गेली, मग वर आली. आयुष्यातली पहिली वाकडी रेघ, आणि तीही चष्मेवाल्याच्या दारावर. चष्मेवाला खालून म्हणाला, "पेंटर, आत या, डोळे तपासून देतो."

रेघोबा उतरला, दोन्ही हातांनी डोळे झाकून घरी आला आणि पलंगावर आडवा झाला. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "मान धरलीय. शिडीवर वर बघून बघून धरते." पेंटरची मान धरणं ही जुनीच गोष्ट होती, गरम पाण्याची पिशवी ठेवली की उतरायची. म्हणून दोघांनीही तिला मान दिला नाही. हीच चूक झाली. दुसऱ्या एखाद्याची मान अशी आखडली असती तर घरचे घाबरून धावले असते. याच्या मानेला धंद्याची सबब तयार होती.

दुपारी ताप चढला. दोनदा उलटी झाली. बायकोनं खिडकीचा पडदा जरा सरकवला तर हा गडी लहान मुलासारखा विव्हळला. मुलगी कामावरून लवकर आली. ती हिशेबी स्वभावाची, कमी बोलणारी. तिनं बापाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हनुवटी छातीला लावा बघू."

"लावतो की," रेघोबा म्हणाला, आणि त्याची हनुवटी अर्ध्या वाटेवर थांबली. त्यानं पुन्हा जोर केला आणि ओरडला. तिनं गाडी बोलावली. बायको पिशवीत टॉवेल कोंबत म्हणाली, "गरम पाण्याची पिशवी घेऊ का?" मुलगी म्हणाली, "आई, चप्पल घाल."

इस्पितळात सगळं फार भराभर झालं. एवढ्या घाईनं काही होतंय म्हणजे आपलं काही खरं नाही, हे रेघोबाला कळलं. त्याला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्याच्या मुलीएवढ्याच असतील. त्या म्हणाल्या, "काका, पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी काढून तपासायचंय. हलू नका."

"किती काढणार?"

"एक-दोन चमचे. लगेच भरून निघतं."

रेघोबा हलला नाही. श्वास रोखून हालचाल न करणं हा तर त्याचा धंदाच होता. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्याही, की इतका स्थिर पेशंट मी पाहिला नाही. डोळे मिटूनच त्यानं विचारलं, "कसला रंग आहे हो त्याला?"

"रंग नाही. पाण्यासारखं स्वच्छ आहे. ही चांगली खूण आहे. गढूळ असतं तर मला जास्त काळजी वाटली असती. पण लॅबनं सांगितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

तोवर सलाइनमधून जोरदार अँटिबायोटिक सुरू झालं. दिवस उलटला, रिपोर्ट आला, आणि डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. बसून बोलणारा डॉक्टर रेघोबाच्या बायकोनं पहिल्यांदाच पाहिला. तिनं पदर सावरला आणि वाईट बातमीची तयारी केली.

"मेंदूला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूभोवती एक पातळ आवरण असतं, त्याला सूज आलीय. हे जिवाणूंनी झालं तर फार वाईट. तासातासाला जीव धोक्यात असतो. म्हणून आम्ही वाट न बघता त्याचं औषध सुरू केलं होतं. काकांना झालंय ते विषाणूमुळे. ते औषध आता बंद."

"मग आता कोणतं औषध?" बायकोनं विचारलं.

"विश्रांती, भरपूर पाणी आणि डोकेदुखीची गोळी. या विषाणूला मारणारं औषध नाही आणि बहुतेकांना लागतही नाही. शरीर आपलं आपण निस्तरतं. आठ-दहा दिवसांत ताप आणि मान सुधारेल."

बायकोचा चेहरा पडला. एवढा मोठा आजार आणि औषध काय, तर झोप. रेघोबालाही मनातून जरा अपमान वाटला. झोपायचं तर घरीच झोपलो असतो, असं तो पुटपुटला.

मुलगी म्हणाली, "आम्हाला होईल का हे? आईनं यांची उलटी पुसलीय."

"विषाणू लागू शकतो. पण लागला तरी बहुतेकांना सर्दी होते, दोन दिवस ताप येतो, पोट बिघडतं. पुष्कळांना तर काहीच कळत नाही. फार थोड्यांच्याच मेंदूच्या आवरणापर्यंत तो पोचतो. म्हणून तुम्हाला कुठलं औषध घ्यायची गरज नाही आणि यांना कोंडून ठेवायचीही नाही. एकच करायचं. शौचातून हा विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो, तेव्हा संडासला जाऊन आल्यावर आणि खाण्याआधी साबणानं हात धुवायचे. यांनीही आणि तुम्हीही. उष्टं पेलाभांडं वापरायचं नाही." त्या थांबल्या. "काका काम काय करतात?"

मुलीनं तोंडानं सांगितलं नाही. तिनं हवेत एक ब्रश धरला, तो हवेतल्या पाण्यात बुडवला आणि ओठांतून ओढला. बायको खिडकीकडे बघू लागली. तीस वर्षांचं वाक्य आज तिनं गिळलं. तिनं ते म्हटलं असतं तर रेघोबाला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुवायला गेल्या. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, सगळं चोळून चोळून. रेघोबानं डोळे किलकिले करून तिकडे पाहिलं. बेसिनच्या वर भिंतीवर पाटी होती आणि पाटीवरची रेघ त्यानं लगेच ओळखली. नऊ वर्षांपूर्वीची. हात त्याचाच, रेघही त्याचीच. आणि त्या रेघेखाली काय लटकलंय ते रेघोबानं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं: 'हात धुतल्याशिवाय रुग्णाला स्पर्श करू नये.' त्याला एकदम लाज वाटली. आपण लिहिलेलं कोणीतरी एवढ्या मनापासून वाचतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "माझा हात परत येईल ना? रेघेचा?"

"येईल. पण ताप गेला म्हणजे सगळं गेलं असं समजू नका. थकवा, डोकेदुखी, लक्ष न लागणं, हे काही आठवडे राहू शकतं. घाई करू नका."

रेघोबा एका दमात रेघ ओढणारा माणूस. त्याला आठवडे म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

इकडे रेघोबाच्या इमारतीत विषाणूपेक्षा वेगानं पसरला तो त्याच्या आजाराचा बोभाटा. इमारतीचे सेक्रेटरी हे कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. कचेरीनं त्यांना सोडलं, पण त्यांनी रजिस्टर सोडलं नाही. पान उलटायचं तर मधलं बोट आधी जिभेला, मग पानाला, हा त्यांचा रिवाज. एका सभेत ते शंभर पानं उलटत, म्हणजे बोट शंभरदा तोंडात जाई आणि शंभरदा बाहेर येई. मग ते रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरे.

तातडीची सभा भरली. रेघोबाची बायको घरून कपडे घ्यायला आली होती, तिनं जिन्यात उभं राहून सगळं ऐकलं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, मेंदूचा ताप नजरेतून पसरतो. कोणी म्हणालं, लिफ्टमधून. कोणी म्हणालं, रंगाच्या वासातून. ज्यांना काही ठाऊक नव्हतं ते सर्वांत मोठ्यानं बोलत होते. जिना फिनेलनं धुवायचा ठरलं. लिफ्टचं बटण कोपरानं दाबायचं ठरलं. पेंटरच्या कुटुंबानं कपडे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घालायचे ठरलं. हे ठरवून घसा कोरडा पडला, तेव्हा सगळ्यांनी एकाच तांब्यातलं पाणी एकाच पेल्यानं प्यायलं. साप म्हणून भुई धोपटणारी माणसं. आणि साप असलाच तर तो पेल्यात होता.

दहा दिवसांनी रेघोबा घरी आला. ताप गेला, मान वळू लागली. पण माणूस निम्मा झाला होता. दाढी करून आला की तासभर पडून राही. संध्याकाळी डोकं ठणके. बायको काही सांगे तर वाक्याची सुरुवात त्याला आठवे आणि शेवट निसटे. हात मात्र तो धुवायला लागला होता. इतके धुवायचा, की बायको म्हणाली, "अहो, कातडं निघेल." एवढ्या वर्षांनी तिला नवं वाक्य मिळालं.

तिसऱ्या आठवड्यात घरात कोणी नाही असं बघून त्यानं भिंतीला जुना कागद चिकटवला, ब्रश घेतला, श्वास रोखला आणि रेघ ओढली. वीतभर नीट गेली. मग थरथरली, खाली घसरली, आणि तिला वर आणायला गेला तर आणखीच चुकली. त्यानं दुसरा कागद लावला. मग तिसरा. नंतर तो जमिनीवर बसला आणि चक्क रडला. त्याला मरणाची भीती इस्पितळात वाटली नव्हती, ती आता वाटली. रेघ गेली तर मागे उरणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे त्याला कळेना. बायको बाहेरून येऊन दारात उभी होती. तिनं चुरगळलेले कागद गोळा केले आणि काही न पाहिल्यासारखं म्हणाली, "चहा टाकते." तेवढ्यात चष्मेवाल्याचा निरोप आला, की पाटी कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतली, राग मानू नये.

शेजारीपाजारी येत नव्हतेच. समोरची मावशी, जी रोज साखर मागायला यायची, ती आता बिनसाखरेचा चहा पीत असावी. पाळणाघराच्या बाईंनी मात्र फोन केला. पोरं बरी झाली, म्हणाल्या. आणि तुमचा साबण मुलांना फार आवडतो.

पाचव्या आठवड्यात दारावर थाप पडली. बायकोनं दार उघडलं तर सेक्रेटरी. पण दारात नव्हे, चार पायऱ्या खाली. बगलेत रजिस्टर, नाकावर रुमाल.

"वहिनी, पेंटर आहेत का?"

"आहेत. या ना आत."

"नको नको, इथूनच बरं आहे. जरा काम होतं." त्यांनी घसा साफ केला. "सभेत ठराव झालाय. एक पाटी करायचीय."

रेघोबा खुर्चीत बसल्या बसल्या ऐकत होता. पाटी हा शब्द ऐकून तो ताठ झाला. "कोणती?"

सेक्रेटरींनी बोट जिभेला लावलं, पान काढलं आणि वाचलं: "'सावधान. या घरात मेंदूज्वराचा रुग्ण आहे. सोसायटीच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणीही आत प्रवेश करू नये. हुकमावरून.' तुमच्याच दारावर लावायची आहे."

मग बायको म्हणाली, "आणि ती यांनीच रंगवायची?"

"त्याचं काय आहे वहिनी," सेक्रेटरी प्रामाणिकपणे म्हणाले, "इमारतीतल्या चौदाच्या चौदा पाट्या पेंटरच्या हातच्या आहेत. सगळ्या पाट्या एकसारख्या असाव्यात असा जुना ठराव आहे. फ्लेक्स लावला तर नियमभंग होतो."

"काम घेतो," आतून रेघोबा म्हणाला.

सेक्रेटरी गेल्यावर बायकोनं दार आपटलं. "अहो, लाज वाटायला हवी त्यांना, आणि तुम्ही हो म्हणता? स्वतःच्या दाराला?"

"अगं, पस्तीस वर्षांत आलेलं काम परत पाठवलं नाही मी. आणि पाच आठवड्यांत हे पहिलंच आलंय." मग हळू आवाजात म्हणाला, "बघू तरी दे. आली तर आली."

आली तर आली, म्हणजे रेघ. ते तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं शांत असताना, त्यानं तीन हात लांब फळी पांढरी करून टेबलावर उभी केली. एवढा मजकूर मावायला एवढी फळी हवीच होती. पाणी घेतलं, ते स्वयंपाकघरातल्या धुतलेल्या पेल्यात. ब्रश बुडवला आणि सवयीनं ओठांकडे नेला. बायको भिंतीला टेकून उभी होती. ब्रश ओठांपासून दोन बोटांवर थांबला. रेघोबानं तो खाली आणला, फडक्याच्या टोकात धरला आणि फिरवून ओढला. टोक आलं. ओठांइतकं नाही, पण आलं. गुरूच्या गुरूला तो मनातल्या मनात दोन शब्द बोलला, ते इथं देत नाही.

मग त्यानं श्वास रोखला. रेघ निघाली. वीत झाली, हात झाला, सरळ. बायकोनं आपलाही श्वास रोखला होता. दीड हातावर रेघोबाच्या दंडात काहीतरी सैल झालं, आणि त्याला ते रेघेआधी कळलं. पूर्वीचा रेघोबा असता तर पुढं रेटून वाट लावून घेतली असती. या रेघोबानं ब्रश उचलला.

दीड हात रेघ. तिच्यात मुंगीच्या पायाएवढाही बाक नव्हता.

तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग त्यानं सेक्रेटरींचा कागद उचलला आणि वाचला. वाचलाच, हो. 'रुग्ण आहे.' रुग्ण कुठे होता? 'प्रवेश करू नये.' डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, कोंडू नका. असं किती खोटंनाटं आपण सरळ रेघेखाली लटकवून दिलं असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं कागद बाजूला ठेवला.

"करवत दे गं," तो म्हणाला.

जिथं रेघ संपली होती तिथं बायकोनं फळी धरली आणि त्यानं कापली. मधे दोनदा दम खायला थांबला. मग उरलेल्या दीड हातात, मावेल तेवढं, सावकाश लिहिलं.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. पाटी दाराला ठोकून झाली होती. त्यांनी चार पायऱ्यांखालून ती वाचली, मग तीन पायऱ्यांखालून, मग अगदी उंबऱ्यापाशी येऊन. पाटीवर होतं: 'आत या. आधी हात धुवा.'

"पेंटर, मजकूर हा नव्हता."

"माहीत आहे," खुर्चीतून रेघोबा म्हणाला. "पण सध्या हाताला एवढीच रेघ येते. एवढ्या रेघेत एवढंच बसतं."

सेक्रेटरींनी पाटीकडे पुन्हा पाहिलं. रेघ त्यांनाही कळत होती. चौदा पाट्या रोज बघणारा माणूस तो. ठरावात पाटीची लांबी लिहिलेली नव्हती, त्यामुळे हरकत तरी कशावर घ्यायची, हे त्यांना सुचेना. "बरं," ते शेवटी म्हणाले, "काम मिळालं अशी सही तरी द्या. मी सभेत मांडतो सगळं." त्यांनी रजिस्टर उघडलं आणि मधलं बोट जिभेकडे नेलं.

"भाऊ," रेघोबाची बायको म्हणाली, "वाचा ना."

बोट हवेतच राहिलं. सेक्रेटरींनी ते बोट पाहिलं, पाटी पाहिली, रजिस्टर पाहिलं. त्या रजिस्टरवर गेल्या अकरा वर्षांतल्या सगळ्या इमारतीच्या सह्या होत्या, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर एक मळकट अर्धा चंद्र होता. तो अर्धा चंद्र कशाचा, हे त्यांना बहुधा त्याच वेळी समजलं. ते ओशाळले.

"कुठे धुवू?" त्यांनी विचारलं.

बेसिन आत होतं. पाच आठवड्यांत त्या घराचा उंबरा बाहेरच्या कोणी ओलांडला नव्हता. सेक्रेटरींनी नाकावरचा रुमाल खिशात घातला, चपला काढल्या आणि ते आत आले. रेघोबाला उठवत नव्हतं. त्यानं बसल्या जागेवरून साबण कुठल्या फळीवर आहे ते सांगितलं, आणि समोरच्या मावशीलाही हाक मार, असं बायकोला म्हणाला.